ती आता कोणाची नाय

काकांच्या बाराव्याची जेवणं उरकली, लांबचे पाहुणे दुपारच्या एसटीने गेले आणि घर एकदम रिकामं झालं. माजघराच्या कोपऱ्यात, भाताच्या कणगीमागे, काकांची ठासणीची बंदूक उभी होती. दिवसकार्याच्या धावपळीत तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. थोरल्या चुलतभावाने केर काढता काढता ती उचलली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवायला, एवढंच. ओटीवर पान जुळवत बसलेले पोलीस पाटील उंबऱ्यातून बघत होते. "ठेव ती खाली," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण भाऊ थबकला. "ती आता कोणाची नाय." भावाने बंदूक होती तिथे परत टेकवली आणि हात कमरेच्या पंचाला पुसले. कुणीच काही बोललं नाही. काकू आतून सगळं ऐकत होती. तिच्या हातातलं भांडं घासायचं थांबलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

त्या रात्री ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. काका गेले त्या क्षणी त्यांचं सगळं कुणाचं ना कुणाचं झालं होतं. घर काकूचं आणि मुलांचं, काजूची बाग तिघांची, सोसायटीचं कर्जसुद्धा कुणाच्या तरी डोक्यावर आलं होतं. त्यांचा चष्मा काकूने आपल्या उशाशी ठेवला होता. छत्री पावसात जो बाहेर पडेल तो नेत होता. आणि जी वस्तू त्यांनी आयुष्यभर पोटच्या पोरासारखी जपली, जिच्यासाठी आषाढात रोज तेलाचं फडकं घेऊन बसायचे, ती एकटीच बेवारशी झाली होती.

मला आठवतं, नूतनीकरणाचं वर्ष आलं की बंदूक दाखवायला तालुक्याला न्यावी लागायची. काका पुढे, हातात परवान्याची वही आणि छत्री. मागे भाऊ, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बंदूक. एसटीत ती दोघांच्या पायांमध्ये उभी असायची. कंडक्टर ओळखीचा, तो फक्त विचारायचा, "रिकामी आसा मा?" निवडणुका लागल्या की हीच जोडी ठाण्यात बंदूक जमा करायला निघायची आणि निकालानंतर पावती घेऊन परत आणायला जायची. हे सगळं कायद्यात बसत होतं, हे मला फार नंतर कळलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच तशी मुभा आहे: ज्याच्याकडे परवाना नाही असा माणूसही परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी परवानगीने, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्या धन्याच्याच वापरासाठी बंदूक वाहून नेऊ शकतो. म्हणजे भावाच्या खांद्यावरची बंदूक कायदेशीर होती ती पुढे चालणाऱ्या काकांमुळे. काका वाटेवर होते तोवर ती मुलाने बापाला केलेली मदत होती. काका नाहीत म्हटल्यावर तीच बंदूक त्याच हातांत बिनपरवान्याचं शस्त्र झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. पाटलांनी भावाला दरडावलं नव्हतं. त्यांनी त्याला वाचवलं होतं.

ज्यांच्या घरात कधी बंदूक नव्हती त्यांना ही ओढ कळणं कठीण आहे. आमच्या तळकोकणात ती शिकाऱ्याची मिरवायची वस्तू नसते. शेतसंरक्षणाचा परवाना असतो. भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात आणि एका रात्रीत वाफा नांगरल्यासारखा करून जातात. नारळावर माकडं. हल्ली गवेही. कायद्याने शेतकऱ्याला यासाठी मुख्यतः ठासणीचीच बंदूक दिली. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तरच बिनआट्यांच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची दुसरी. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यापासून तिचं काम मारण्यापेक्षा घाबरवण्याचं झालं. काका मचाणावर बसून नुसता आवाजाचा बार काढत, आणि दोन डोंगर तो आवाज एकमेकांकडे टोलवत राहायचे. मी लहानपणी अंथरुणात तो ऐकायची आणि मनात मोजायची, किती वेळ घुमतो ते. मला त्या आवाजाची भीती वाटायची. आणि तो आला नाही तर झोप लागायची नाही.

ती भरायची पद्धत मी ओटीवर बसून शंभर वेळा पाहिली असेल. आधी नळीच्या तोंडातून काळी दारू, मग काथ्याचा बोळा, मग गज घालून ठासायचं, अगदी एका लयीत. शेवटी घोडा अर्धा मागे ओढून खाली केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बसवायची. दारूचा काळसर चुरा काकांच्या नखांत राहायचा. सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १० हे प्रमाण शाळेत शिकण्याआधी मला वासाने माहीत होतं, कारण बार उडाल्यावर पडवीपर्यंत जो कुबट वास यायचा तो गंधकाचाच. ही काळी दारू जळली की नळीत जी काजळी उरते ती हवेतला ओलावा ओढून घेते. आमच्या पावसात दोन दिवस साफ केली नाही तर नळीच्या आत तांबूस साय धरते. म्हणून काका उशिरा आले, भिजून आले, तापाने फणफणत आले तरी आधी कढत पाणी नळीत ओतायचे, गजाला चिंधी गुंडाळून आतून पुसायचे, तेल लावायचे आणि मगच जेवायला बसायचे. काकू चिडायची. पान वाढून ठेवलेलं असायचं.

ती बंदूक आता तीन पावसाळे ठाण्याच्या कोठीत उभी आहे.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलांनीच पुढाकार घेतला. पंचनामा झाला. नळीवरचा नंबर, केपांची डबी, डब्यातली दारू, सगळं लिहिलं गेलं आणि काकूच्या हातात पावती आली. कायदा सांगतो की ताबा बेकायदेशीर झाला की विनाकारण उशीर न करता बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा, किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे. हा दुसरा मार्ग आम्हाला तेव्हा कुणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. विक्रेत्याकडे ठेवली असती तर चार पैसे गेले असते, पण तेलपाणी झालं असतं. भावाने मध्ये एकदा कोठीच्या दारातून ती पाहिली. घरी येऊन तो इतकंच म्हणाला, "तांबारली." मग अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिला.

बंदुकीची मालकी कायद्याने काढून घेतलेली नाही, हे मला या तीन वर्षांत हळूहळू समजलं. ती अजूनही वारसांची आहे. वारसाला परवाना मिळाला तर तो ती सोडवून आणू शकतो, नाहीतर परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाला विकू शकतो. पण मालकी वेगळी आणि ताबा वेगळा. जमिनीच्या भांडणांत आपण हे दोन शब्द इतके वापरतो की त्यांची धार गेली आहे. बंदुकीच्या बाबतीत ती परत जाणवते. काकांनी मृत्युपत्र केलं होतं, त्यात "माझी बंदूक थोरल्यास" असं स्वच्छ लिहिलं होतं. थोरल्याच्या हाती त्याने आला फक्त हक्क. मृत्युपत्राने बंदूक देता येते, परवाना देता येत नाही. परवाना माणसाचा असतो, आणि तो माणसाबरोबर जातो.

भावाने अर्ज केला. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, सातबारा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सगळं जोडलं. अडलं ते बाकीच्या वारसांच्या ना-हरकतीवर. काकूने सही केली, बहिणीने मुंबईहून प्रतिज्ञापत्र पाठवलं, धाकट्याने पाठवलं नाही. धाकट्याचं आणि थोरल्याचं बागेच्या वाटणीवरून बिनसलं होतं, आणि बंदुकीला धाकट्याची काहीही हरकत नव्हती, हे तो स्वतः मला फोनवर म्हणाला. सही मात्र तो देणार नव्हता. माणसं जिथे दुखवता येईल तिथे दुखवतात. काकांनी हयातीत दोघांना समोर बसवून हा एक कागद करून घेतला असता तर दोघांनीही मान खाली घालून सही केली असती. बापासमोर नाही म्हणण्याची दोघांची टाप नव्हती. हे मला राहून राहून वाटतं आणि काकांचा रागही येतो. गेलेल्या माणसाचा राग येणं फार जड असतं.

हे सगळं मी माझ्या घरी बोलत नव्हते, कारण आमच्या घरातही एक बंदूक आहे.

बाबांची. आजोबांच्या मागे त्यांच्या नावावर झालेली, काकांच्या बंदुकीची जुळी म्हणावी अशी. बाबा आता ७२ वर्षांचे आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत पंचविसावा नियम आहे, तो मी इतक्या वेळा वाचला की त्याचं पान आता मोबाइलमध्ये आपोआप उघडतं. परवानाधारक गेल्यावर त्याच्या वारसाला परवाना देता येतो, हे पहिलं. पण दुसरंही आहे: परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली, किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यांतलं जे आधी घडेल तेव्हापासून तो हयात असतानाच आपल्या वारसांपैकी कुणाचं नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाच्या नावे परवाना होऊ शकतो. बाबांची पंचवीस वर्षं केव्हाच उलटली होती. सत्तरीही उलटली. दार उघडं होतं आणि बाबा त्यातून जात नव्हते. मी विषय काढला की ते गोठ्यात जायचे.

मला वाटायचं, ते मरणाचा विषय टाळतायत. म्हाताऱ्या माणसाला मृत्युपत्र कर म्हणणं जड जातं, तसंच हे. पण तसं नव्हतं, आणि ते कळायला मला त्यांची मुलगी असूनही इतकी वर्षं लागली.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. लहानपणापासून बंदूक त्याची, हे घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं. गज त्याने धरायचा, चिंध्या त्याने फाडायच्या. मग तिशीत त्याचं एक वर्ष असं गेलं की त्याबद्दल आम्ही अजूनही "ते वर्ष" एवढंच म्हणतो. तो घरी येऊन राहिला होता. दिवसभर पडवीतल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. औषधं सुरू झाली, डॉक्टर चांगले मिळाले, तो सावरला. आज तो नोकरी करतो, लग्न झालंय, मुलगी आहे, मोठ्याने हसतो. पण त्या वर्षी एका सकाळी मी माजघरात गेले तर कपाट रिकामं होतं. बाबांनी कुणाला न सांगता बंदूक नेऊन ठाण्यात जमा केली होती. स्वतःच्या खांद्यावरून, एकट्याने, निवडणूक नसताना. पावसाचे दिवस होते. मी विचारलं नाही, आईने विचारलं नाही, आणि बाकावर पडलेल्या भावानेही विचारलं नाही. नंतर दिवाळीच्या आसपास ती परत कपाटात आली. कपाटाला नवं कुलूप लागलं.

म्हणून बाबा नाव सुचवत नव्हते. मुलाचं नाव घालायचं तर मन धजत नव्हतं. घालायचं नाही तर त्याला कळणार होतं, बापाला अजून काय वाटतं ते. कायदा त्याचं काम करतो, वैद्यकीय प्रमाणपत्र मागतो, वेडसर नसल्याची अट घालतो. पण बाप जे रात्रभर तोलत असतो त्याला कुठल्या नमुन्यात रकाना आहे? भाऊ आज कुठल्याही डॉक्टरच्या तपासणीत उत्तीर्ण होईल. बाबांच्या मनातली ती सकाळ तरीही पुसली जाणार नाही.

गेल्या आषाढात वीज गेलेली होती, आम्ही दोघंच ओटीवर होतो. बाबा कंदिलाच्या उजेडात घोड्याला तेल देत होते. मी काकांच्या बंदुकीचा विषय काढला, ठाण्यात तिला चढलेल्या गंजाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुका व्हयी?"

तुला हवी का, हा प्रश्न मला कधी कुणी विचारलाच नव्हता. मी गावातच राहते, शाळेत शिकवते, बाग बघते, डुकरं माझ्याच भातात येतात. नियमात मुलगी वारस आहे, आणि मी तो नियम पाठ करून बसले होते. तरी माझ्या डोळ्यांसमोर माझं नाव एकदाही आलं नव्हतं, भावाचंच यायचं. मी लगेच हो म्हटलं नाही. मला बंदूक आवडते का? नाही. नऊ वर्षांची असताना खळ्यात आणून टाकलेलं साळिंदर मी पाहिलं होतं, त्याच्या काट्यांवर माश्या बसल्या होत्या, ते मला अजून स्वप्नात दिसतं. मी बाबांना म्हटलं, "विकून टाकूया का? नाहीतर परत करूया सरकारला." ते म्हणाले, "ताय चलात. पण आता सांग. मी गेल्यावर नको." आणि मग, फडकं घडी करत, "माझ्या मागे ती कोणाची नाय आसा होता नये."

म्हणजे बाराव्याचं ते वाक्य त्यांनीही ऐकलं होतं आणि तेही ते उराशी घेऊन बसले होते.

मी चार दिवस विचार केला आणि हो म्हटलं. मला ती हवी आहे म्हणून नाही, इतकं मला नक्की सांगता येतं. कुठे ठेवायची, कधी बाहेर काढायची आणि कुठल्या दिवशी घरातून न्यायची, हे या घरात आता मलाच ठाऊक आहे म्हणून. उद्या मलाही ती नकोशी झाली तर माझ्या हयातीत मी तिची सोय लावेन. नियमातला शब्द "देता येईल" असा आहे, "द्यावा लागेल" असा नाही. पात्रता पुरी व्हायला हवी, पोलिसांचा अहवाल प्रतिकूल नसावा, आणि तरीही अधिकारी नाही म्हणू शकतो. तसं झालं तर बाबांच्या देखत ती विकू, हेही ठरवून ठेवलंय. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण मी घेतलं, कुलपात आणि रिकामी ठेवीन अशी हमी लिहून दिली. चाळीस वर्षं जे नुसतं बघत आले ते कुणीतरी नीट क्रमाने शिकवलं तेव्हा समजलं, काका किती गोष्टी बरोबर करायचे आणि दोन गोष्टी किती चुकीच्या. बंदूक कणगीमागे उघडी ठेवणं ही त्यांतली एक.

राहिली ती भावाची ना-हरकत. मी फोनवर सांगणार होते, बाबा नको म्हणाले. तो मे महिन्यात आला तेव्हा तिसऱ्या दिवशी बाबांनी जेवणानंतर कागद त्याच्यापुढे ठेवला. मी स्वयंपाकघरातच थांबले, मला बाहेर येववेना. त्याने सगळं वाचलं. "माझ्या बहिणीच्या नावे परवाना देण्यास माझी कोणतीही हरकत नाही" या ओळीवर त्याचं बोट थांबलेलं मला दारातून दिसलं. बाबा सुपारी कातरत होते आणि अडकित्त्याचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता. त्याने सही केली, तारीख घातली. रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या तो मला म्हणाला, "ताई, त्या वर्षी बाबांनी बंदूक नेली ना, तेव्हा मी जागा होतो. दार वाजलेलं ऐकलं मी." थोड्या वेळाने म्हणाला, "बरं केलं त्यांनी." आम्ही दोघं बराच वेळ चांदण्याकडे बघत पडून राहिलो.

परवा पोलीस पाटील आले, माझ्या अर्जाच्या चौकशीसाठी. तेच ते, आता थोडे वाकलेले. काकांच्या बाराव्याला बसले होते तसेच ओटीवर बसले, पानाचा डबा पुढे ओढला. मला विचारलं, ठेवतलंस खय? मी कपाट दाखवलं, कुलूप दाखवलं, दारूचा डबा वेगळ्या खोलीत आहे तो दाखवला. त्यांनी कुलूप हाताने ओढून बघितलं. मग परत येऊन बसले, चुना लावता लावता बाबांना म्हणाले, "म्हणजे अजून तुझीच."

"हां," बाबा म्हणाले. "अजून माझीच."